भिंतीकडे तोंड, मटणाचे सहा वाटे

३ फेब्रुवारी, शनिवार

ठक. ठक-ठक. मग जरा दम खाऊन पुन्हा ठक.

पासष्ट वर्षं झाली, पण ओंडक्यावर पडणाऱ्या सुऱ्याचा तो आवाज कानातून गेलेला नाही. आमच्या गल्लीतली आठ घरं मिळून एक मेंढा घ्यायची. कापून झालं की त्याचे आठ ढीग मांडायचे. वाटे म्हणायचे त्यांना. कुणाच्या वाट्यात हाडं जास्त, कुणाच्या चरबी, यावरून भांडण होऊ नये म्हणून एका पोराला भिंतीकडे तोंड करून उभं करत. मागे कुणीतरी एका वाट्यावर बोट ठेवून विचारी, "हा कुणाचा?" पोराने न बघता एक घर सांगायचं. "शिंपीकाकांचा." संपलं. त्यावर ब्रह्मदेवाकडेही अपील नाही.

ते पोर बहुतेक वेळा मीच असे. मी फार प्रामाणिक होतो अशातला भाग नाही; भिंतीकडे बघत उभं राहायचा मला कंटाळा येत नसे, एवढंच. पोपडे उडालेल्या भिंतीत मला ढग दिसत, जहाजं दिसत, आणि मनात तिसरीच्या पुस्तकातल्या कविता चालू असत.

आज हे आठवलं, कारण आज मी भांडून आलो.

हिचं रक्त आठ पूर्णांक सहावर आलंय. खुब्याचं ऑपरेशन करायचं तर दहाच्या वर हवं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे. तोवर ही खोलीतून खोलीत भिंत धरून चालते, आणि खिडकीतून समोरच्या बागेतलं बाकडं बघते. पूर्वी रोज संध्याकाळी तिथे बसायची. बाई म्हणाल्या, "औषधं देतेच आहे, पण चांगलंचुंगलं पोटात जाऊ द्या. मांस, अंडी, कलेजी." पण हिला काही जातच नाही. "कागद चावल्यासारखं वाटतं," म्हणते. परवा कोंबडी आणली ती पातेल्यात टाकताच एवढं पाणी सुटलं, की शिजवायची की पोहायला शिकवायची, कळेना.

म्हणून आज हिरव्या शटरच्या दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर मटणवाल्याला सुनावलं, "कोंबडी विकता की ओला कापूस?" वीस वर्षांची ओळख. तो सुरी पुसत शांतपणे म्हणाला, "कविराज, तुम्ही म्हणालात सगळ्यात स्वस्तातली द्या. सगळ्यात स्वस्तातली दिली." मी म्हटलं, "पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही." तो म्हणाला, "पायरी नाहीच दुकानाला." लोक हसले. मी घरी आलो.

५ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या दुकानात गेलो. तिथे मांस काचेच्या थंड कपाटात, पाकिटात झोपलेलं असतं. एका पाकिटावर हिरवंगार कुरण, लाल कौलांचं घर आणि हसरी कोंबडी. मी हरखलो. मग जन्माची खोड म्हणून खालचा बारीक मजकूर वाचला. एक्केचाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले आहेत. शाळेची पुस्तकं आरशातल्यासारखी उलटी वाचून मला पाठ झाली. त्या धंद्याने एक शिकवलं: जे मिरवायचं ते मोठ्या टायपात, जे लपवायचं ते सगळ्यात बारीक. त्या बारीक टायपात लिहिलं होतं, "चित्र केवळ सजावटीसाठी."

पाकीट परत ठेवलं. हिला सांगितलं तर बऱ्याच दिवसांनी हसली. "तुमच्या लग्नाच्या फोटोखाली छापायला हवं होतं ते," म्हणाली.

१० फेब्रुवारी, शनिवार

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई एकट्याच राहतात. त्यांनी सांगितलं, की बारा नंबरची बस शेवटच्या थांब्यापर्यंत गेली की टेकडीवर एक बाई कोंबड्या आणि मेंढ्या पाळते, मोकळ्या सोडून. आज गेलो.

बाईच्या डोक्यावर पुरुषी टोपी, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. मी तिला मनात टोपीवाली म्हणतो. खिशातून प्रश्नांची यादी काढली. कोंबडी काय खाते? दिवसातून किती तास बाहेर असते? आजारी पडली तर काय देता? वय किती? टोपीवालीने तीनचार उत्तरं दिली आणि मग बादली खाली ठेवली. "आजोबा, कोंबडी न्यायचीय की सून?"

पण दाखवलं सगळं. कोंबड्या खरंच उतारावर हिंडत होत्या, माती उकरत होत्या, एकमेकींच्या चुगल्या करत होत्या. मी कुंपणाला टेकून तासभर उभा राहिलो. दोन ओळी सुचल्या:

*टेकडीवर चाले, दाणा दाणा वेची,*
*तिच्या अंगी येई चव तिच्याच पायांची.*

भाव ऐकून मात्र कवितेची धुंदी उतरली. स्वस्तातलीच्या अडीचपट. तरी एक घेतली, लहानशी. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो, शाळेतलं बक्षीस आणावं तसा.

हिला ओळी म्हणून दाखवल्या. म्हणाली, "यमक छान आहे. मीठ कुणी घालायचं?"

११ फेब्रुवारी, रविवार

कोंबडी शिजेना. चालून चालून पायांना काय ताकद आली होती बाईच्या! अडीच तास मंद आचेवर ठेवली. पण दुसऱ्या तासाला घरात जो वास सुटला, तो मी लहानपणानंतर घेतलाच नव्हता. ही आतल्या खोलीतून भिंत धरून आपणहून स्वयंपाकघरात आली. वाटीभर सूप प्यायली, मग थोडं थांबून अर्धी वाटी आणखी.

मी पातेलं ढवळत राहिलो. बोललो असतो तर थांबली असती.

१४ फेब्रुवारी, बुधवार

वरच्या बाई आज वाटीभर कलेजी घेऊन आल्या. "मला एकटीला जास्त झाली," म्हणाल्या. कच्चीच होती, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली. ताजी, गडद, चकचकीत. हिने लगेच परतून घेतली आणि निम्मी खाल्लीसुद्धा.

कागद टाकणार तोच बघतो तर त्यावर शब्दकोडं, आणि निम्मं सोडवलेलं, निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरांत. वरच्या बाईंना कोड्यांचा नाद आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मात्र कवितेवरच्या सूचनांचे रकाने सगळे कोरे. कोरडा भाग कापून मी ते भरले आणि जिन्यात बाईंच्या हातात दिला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. पोचवते." कुणाला पोचवते, विचारायचं राहिलं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

वरच्या बाईंना पुन्हा कलेजी जास्त झाली. शनिवारीही झाली होती म्हणे, मी टेकडीवर गेलो होतो तेव्हा. एकट्या बाईने एवढी कलेजी आणावीच का? पण माणूस एकटा पडला की मापाचा अंदाज चुकतो. माझी आई बाबांच्या मागे वर्षभर दोन कप चहा करत होती.

या वेळच्या कोड्यात एका सूचनेभोवती निळा गोल काढलेला: "मात्रा मोजून लिहितात." शेजारी प्रश्नचिन्ह. मी आनंदाने "वृत्त" लिहिलं आणि समासात दोन ओळींत समजावूनही दिलं. या वयात शिष्य मिळणं भाग्यच.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आता टोपीवाली माझी यादी काढायच्या आधीच बादली उलटी करून मला बसायला देते. आज मी मनातली गोष्ट बोललो. "बाई, माझी पेन्शन तुमच्या कोंबडीबरोबर धावू शकत नाही."

ती म्हणाली, "तुम्ही तरणी कोंबडी नेता म्हणून. अंडी देऊन थकलेली म्हातारी न्या. निम्म्या भावात देते. मांस चिवट, पण सूप तिचंच. आणि मान, पाय, काळीज, पोटाची पिशवी, हे लोक नको म्हणतात. तिथेच सगळं असतं. रोज वाईट खाण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा चांगलं खा, बाकी दिवस डाळी-भाज्या."

म्हातारीलाच चव, हे ऐकून मला फार बरं वाटलं. का ते इथे लिहीत नाही.

मग तिने सहज विचारलं, "पण एवढा बसचा प्रवास कशाला करता? तुमच्याच भागात एक जण दर मंगळवारी आणि शुक्रवारी माझ्याकडून माल नेतो. मेंढी, कोंबडी, कलेजी. हिरवं शटर आहे बघा त्याचं."

मी म्हटलं, "तो पाणीदार कोंबड्या विकतो."

"विकतो ना. खोक्यातला स्वस्त मालही ठेवतो, मागणाऱ्यांसाठी. माझा माल मागच्या फळीवर असतो. विचारलं तर देतो. चढ्या भावाचं म्हणून आपणहून पुढे करत नाही, गिऱ्हाईक लाजतं म्हणतो."

परतीच्या बसमध्ये एकही ओळ सुचली नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार

वीस वर्षं त्या दुकानात गेलो आणि दर वेळी एकच वाक्य बोललो: "सगळ्यात स्वस्तातलं द्या." मागच्या फळीवर काय आहे, हे बघितलंदेखील नाही.

आज दुकानावरून जाताना पलीकडच्या फुटपाथने गेलो. तरी त्याने बघितलं. हात वर केला की माशी हाकलली, सांगता येत नाही.

हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग जा आणि बोला." मी म्हटलं, "चार लोकांत बोललो होतो. आता चार लोकांत परत बोलायचं?" ती म्हणाली, "पाच लोकांत बोला. एक जास्त." आणि कूस बदलून झोपली.

बायकांना हे कळत नाही. चुकलेला खिळा एकदा छापला गेला की गेला.

६ मार्च, बुधवार

नऊ पूर्णांक चार!

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा बघितला. "काय देताय काय हिला?" मी टेकडी, उतार, म्हाताऱ्या कोंबड्या, मंद आच असं सगळं सांगितलं. औषधाच्या गोळ्यांचं नाव घ्यायला विसरलो, ते त्यांनी घेतलं. ही शेजारी बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "कलेजी पण," एवढंच म्हणाली.

येताना रिक्षात म्हणाली, "चव यायला लागलीय हो जिभेला." मी बाहेर बघत राहिलो. रस्ता जरा अंधूक दिसत होता. चष्मा पुसायला झालाय.

९ मार्च, शनिवार

आज मला कल्पना सुचली. खरं तर सुचली नाही, आठवली.

अख्खा मेंढा! सहा घरांनी मिळून घ्यायचा. टोपीवाली म्हणाली, अख्खा घेतला तर भाव खोक्यातल्या मालाच्या जरासाच वर पडतो, कारण तिला मान-पाय विकत बसावं लागत नाही. सरकारी कत्तलखान्यात नेऊन, तपासणीचा शिक्का मारून, साफ करून ती टेम्पोने पोचवेल. आणि मला कुणाच्या दुकानात जायला नको.

वरच्या बाई, बसचे ड्रायव्हर, इस्त्रीवाला, तळमजल्यावरच्या नर्सबाई आणि सायकलवाला तयार झाले. सहावे आम्ही. सगळ्यांना वाट्यांची गोष्ट सांगितली. ड्रायव्हर म्हणाले, "म्हणजे कुणाला काय येईल ते आधी माहीत नाही? बायकोला काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा, नशीब आहे." ते म्हणाले, "तेच सांगून लग्न केलं होतं."

टेकडीवरून निघताना टोपीवालीने विचारलं होतं, "कापणारा आहे ना तुमच्याकडे?"

"आहे, आहे," मी म्हणालो. घरात तीन सुऱ्या आहेत.

२० मार्च, बुधवार

कलेजी आली, कोडं आलं. सूचना: "पहाटेचा गायक, तीन अक्षरी." डोळे मिटून लिहिलं, "कोकीळ." एवढ्या सोप्या सूचनेपाशीही बाईंनी प्रश्नचिन्ह काढलं होतं. काव्याचा संस्कार लहानपणीच व्हावा लागतो.

वाटीभर कलेजीबरोबर आज दोन नळ्याही होत्या, उभ्या चिरलेल्या, आतला मगज दिसणाऱ्या. अशी चिरायला हात लागतो. मी म्हटलं, "बाई, तुमची कात्री लोखंडसुद्धा कापते वाटतं." बाईंना अचानक ठसका लागला. हिलाही लागला. हवा बदलतेय.

२८ मार्च, गुरुवार

दहा पूर्णांक दोन.

ऑपरेशनची तारीख मिळाली, सोळा एप्रिल. तोवर असंच खात राहा, ऑपरेशननंतर तर जास्तच, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मेंढा रविवारी यायचाय. अगदी वेळेवर.

संध्याकाळी ही खिडकीत बसली होती. बाकड्यावर कुणीतरी अनोळखी जोडपं होतं. ही म्हणाली, "बसू दे. मे महिन्यात उठवू त्यांना."

मी कित्येक दिवसांत इतका सुखी झालो नव्हतो.

३१ मार्च, रविवार

दुपारचे चार. काही सुचत नाही म्हणून लिहायला बसलोय.

अकरा वाजता टेम्पो आला. टोपीवाली आणि तिचा भाऊ पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं एक ओझं दोघांनी मिळून वर आणून टेबलावर ठेवून गेले. मी कापड उघडलं. आत मेंढा होता. साफ केलेला, शिक्का मारलेला, सुरेख. पण मेंढा. एकसंध. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी घरातली सगळ्यात मोठी सुरी घेतली आणि तासभर प्रयत्न केला. पाव कापायची सुरी ती. एक ओरखडा उमटला, आणि मांडीच्या हाडाशी सुरीचं टोक मोडलं. इस्त्रीवाला म्हणाला, करवत आणतो. नर्सबाई म्हणाल्या, त्या ऑपरेशनला हजर असतात, करत नाहीत. ड्रायव्हर टेबलाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "रिव्हर्स कुठून घ्यायचा तेच कळत नाही." बर्फाच्या चार लाद्या आणून खाली-वर लावल्या आहेत. दिवस उन्हाचे आहेत. सहा घरांचे पैसे आणि हिचं पुढल्या महिन्याचं रक्त असं टेबलावर पडलंय आणि बर्फ वितळतोय.

आत्ता, इतक्या वर्षांनी, माझ्या ध्यानात येतंय. त्या लहानपणीच्या सगळ्या आठवणीत कापण्याचा फक्त आवाज आहे. ठक. ठक-ठक. कापताना मी कधी बघितलंच नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. मला वाटायचं मेंढ्याचे वाटे आपोआप होतात, कवितेची कडवी होतात तसे.

ही आतून दोनदा म्हणाली, "कुणाला तरी बोलवा." मला माहीत आहे कुणाला. रविवारी त्याचं दुकान दुपारी बंद होतं. घर मागच्याच गल्लीत. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. जाऊन काय म्हणू? ओला कापूस म्हणालो होतो.

वरच्या बाई साडेतीनला "दोरा संपलाय" म्हणून घाईने खाली उतरल्या. रविवारी दोऱ्याचं दुकान उघडं असतं का?

तिसऱ्यांदा चपला घालतो. आता जातोच. पाच लोकांत म्हणायला लागलं तरी म्हणेन,

दार वाजतंय.

पाच वाजून दहा मिनिटं. तो आत हात धुतोय, तोवर लिहितो.

दार उघडलं तर हिरव्या शटरचा मटणवाला. धुतलेला सदरा, काखेत कातडी गुंडाळी, त्यातून सुऱ्यांच्या मुठी डोकावत होत्या. खांद्यावर लाकडी ओंडका घेऊन जिना चढल्यामुळे धापा टाकत होता. मागे वरच्या बाई, हातात दोरा नाही. माझ्या एका पायात चप्पल होती आणि दुसरी हातात.

मी म्हटलं, "मी तुमच्याकडेच निघालो होतो."

तो माझ्या हातातल्या चपलेकडे बघून म्हणाला, "तयारीनिशी."

मी म्हटलं, "त्या दिवशी मी बोललो ते..."

"आधी बर्फ बघू द्या, कविराज. बोलणं नासत नाही." तो मला ओलांडून आत गेला. टेबलापाशी उभा राहून मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवला, ओरखडा बघितला, पाव कापायची मोडकी सुरी बघितली. "टेकडीवरचा आहे. उत्तम. हे कुणी केलं? मांजराने?"

ही भिंत धरून बाहेर आली. तिला मुळीच आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "आलात, भाऊ? मी म्हटलंच होतं बाईंना, घरीच असतील."

"ताई, कितीवर गेलं?"

"दहा पूर्णांक दोन."

"मग नळ्या चालू ठेवू," तो म्हणाला, आणि सदऱ्याच्या बाह्या सारल्या. कानामागे निळं पेन खोचलेलं होतं, ते काढून त्याने माझ्या हातात दिलं. "धरा. आणि हो, पहाटेचा गायक कोकीळ नव्हे. कोंबडा. आडवे दोन शब्द बिघडवलेत माझे."

मी पेनाकडे बघत राहिलो. मग वरच्या बाईंकडे. त्या छताकडे बघत होत्या. मग हिच्याकडे.

"बघू नका असे," ही म्हणाली. "टेकडीवरच्या कोंबडीनेही रक्त वाढलं. कलेजी भाऊंची होती, कोंबडी तुमची."

नळ बंद झाला. ओंडका टेबलाशेजारी लागलाय. तो विचारतोय, वाटे सहा ना? ही म्हणतेय, "सात करा, भाऊ. एक तुमचा." तो "नको" म्हणाला, मग "बरं" म्हणाला. आणि आता मला हाक मारतोय.

"कविराज, ती वही ठेवा. भिंतीकडे तोंड करून उभे राहा बघू."